छप्पर कापण्याआधी हे वाचा
(1932 फोर्ड थ्री-विंडो कूपे या गाडीच्या प्लास्टिक मॉडेलचं 1/25 किट, म्हणजे खऱ्या गाडीच्या पंचविसाव्या हिश्श्याचं, घेणाऱ्यांसाठी)

"छप्पर कापलं, आता बसत नाहीये. नुसती बॉडी मिळेल का?" हा फोन सारखा येतो, म्हणून हा कागद. नुसती बॉडी मिळत नाही. किट सीलबंद येतं आणि त्यात बॉडी एकच असते. ती काढून दिली की बाकीचं खोकं आमच्या गळ्यात.

चॉप, म्हणजे खिडक्यांचे खांब कापून छप्पर खाली घेणं, करूच नका असं नाही. हॉट रॉडचा, म्हणजे वेगासाठी बदललेल्या जुन्या गाडीचा, निम्मा रुबाब त्यातच आहे. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या म्युरॉक, एल मिराज या कोरड्या तलावांवर जुन्या फोर्ड पळवणाऱ्यांनी मडगार्ड उतरवले ते वजनासाठी. छप्पर खाली घेतलं ते वाऱ्यासाठी. दिसायला फरक असा, की खिडक्या अरुंद झाल्या की तीच बॉडी लांब वाटते. पुढचा ॲक्सल खाली आणि मागची चाकं मोठी, म्हणजे गाडी नाक खाली घालून उभी. ग्रिलला मात्र हात लावू नका. बत्तीसची ओळख तीच आहे.

आता चूक. खांबांतून पट्टी काढायची आणि छप्पर सरळ खाली ठेवायचं, असं बहुतेक जण करतात. पण पुढच्या काचेचे खांब मागे कललेले आहेत आणि मागची बाजू पुढे झुकलेली आहे. त्यामुळे छप्पर वरच्या अंगाला आखूड असतं. ते 3 मिमी खाली आणलं की पुढचे-मागचे मिळून साधारण 1 मिमी कमी पडतं. मग खांब ओढूनताणून चिकटवले जातात आणि रंग दिल्यावर सांधा उकलतो.

खऱ्या गाडीवरचे 3 इंच म्हणजे इथे 3 मिमी. त्याच रुंदीची मास्किंग टेप बॉडीभोवती एका उंचीवर फिरवा आणि दोन्ही कडांना कापा. करवत टेपच्या अंगाला ठेवा, नाहीतर पातं जेवढं खातं तेवढा चॉप वाढतो. मग छप्पर मधोमध डावीकडून उजवीकडे कापा, पुढचा-मागचा असे दोन्ही तुकडे खांबांवर टेपने टेकवा आणि मधली फट मोजा. तेवढीच स्टायरीन (प्लास्टिकची) पट्टी तिथे भरा, अंदाजाने नको. प्लास्टिक सिमेंट लावून 24 तास हात लावायचा नाही, पुटी त्यानंतर. सांधा दिसेल ही भीती नको: मूळ गाडीच्या छपराचा मधला भाग कापडी होता आणि हॉट रॉडवाले तो पत्र्याने बुजवतातच. किटमधली पुढची काच आता उंच पडेल, ती पातळ पारदर्शक शीटमधून नवी कापा.

टेप, बारीक दात्यांची करवत, स्टायरीन पट्ट्या दुकानात सुट्या मिळतात. कापायचा धीर होत नसेल तर मजुरी घेऊन आम्ही चॉप करून देतो. महाग वाटेल, पण दुसऱ्या किटपेक्षा स्वस्त पडतं. बॉडी कोरी आणा. रंगावर सिमेंट धरत नाही, आणि रंग उतरवायचे पैसे वेगळे.