रिसॉर्टवर साप दिसला तर: सहलीला निघण्यापूर्वी वाचा

मुलांना घेऊन जाणारी कुटुंबं बुकिंगच्या वेळी हमखास विचारतात, “तिकडे साप वगैरे नाहीत ना?” आम्ही सरळ सांगतो. झाडी, तळं, हिरवळ आणि शांतता जिथे आहे, तिथे साप असणारच. ‘आमच्या आवारात एकही साप नाही’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्या व्यवस्थापकापेक्षा, ‘कधीमधी दिसतो, मग आम्ही जाणकार माणसाला बोलावतो’ असं म्हणणारा आम्हाला जास्त भरवशाचा वाटतो.

साप माणसासाठी येत नाही, भक्ष्यासाठी येतो. पायवाटेवरच्या दिव्याखाली किडे जमतात, किड्यांमागे बेडूक आणि पाली येतात, त्यांच्यामागे साप. स्वयंपाकघरामागच्या कचऱ्यात उंदीर असले, तर तिथेही तेच. लाकडांची रास, दगडी बांधातल्या फटी, वाळलेल्या पानांचा ढीग या त्याच्या लपायच्या जागा. मुलांचा चेंडू नेमका तिथेच जातो. तो काढायला मुलांना पाठवू नका, कर्मचाऱ्यांना सांगा.

अंधार पडल्यावर

जेवण उरकून कॉटेजकडे परतायची वेळ सर्वांत जपायची. दिवसभर तापलेली फरशी किंवा डांबर रात्रीही ऊब धरून असतं आणि साप त्यावर येऊन पडतात. पायात चप्पल नको, बंद बूट हवेत. हातात टॉर्च हवा आणि त्याचा झोत पुढच्या पावलावर. मोबाईलचा टॉर्चही चालतो, पण मग त्याच वेळी त्यावर मेसेज वाचत चालायचं नाही. पाय आपटत चाललं की साप निघून जातो असं म्हणतात. ते अर्धंच खरं. जमिनीची थरथर सापाला कळते आणि बरेच साप सरकतातही. पण घोणस, फुरसं यांसारखे साप रंगाच्या आडोशावर भिस्त ठेवून जागीच बसून राहतात. तिथे टॉर्चच कामी येतो.

खोलीत

दार उघडं टाकून व्हरांड्यात गप्पा मारत बसू नका. दाराखाली फट असेल तर रात्री टॉवेलची गुंडाळी लावा. बॅगांच्या चेनी बंद, बूट घालण्याआधी झटकून, आणि बाथरूममध्ये पाऊल टाकण्याआधी दिवा.

खाटा कमी पडल्या की मुलांची गादी खाली टाकायची आपल्याला सवय असते. सापांचा वावर असलेल्या ठिकाणी हे टाळाच, जादा खाट मागून घ्या. कारण आहे मण्यार. दक्षिण आशियात आढळणारा हा साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणातच चावतो. दंश फारसा दुखत नाही, खूणही कित्येकदा सापडत नाही. मध्यरात्री किंवा पहाटे पोटात दुखू लागतं, उलट्या होतात, पापण्या जड होऊन मिटायला लागतात, बोलणं अडखळतं. याला बाहेरचं खाणं बाधलं असं समजून गोळी देऊन झोपवू नका, थेट हॉस्पिटल गाठा. मच्छरदाणी असेल तर तिच्या कडा गादीखाली नीट खोचा. डासांबरोबर सापापासूनही ती वाचवते.

समोर आला तर

थांबा, हळूच मागे सरका, वाट मोकळी करा. लहान मुलांना एवढंच पाठ करून घ्या: ‘थांब, मागे हो, मोठ्यांना हाक मार.’ साप साधारण स्वतःच्या लांबीच्या निम्म्या अंतरापर्यंत झेप घेऊ शकतो, म्हणून दोन-तीन मीटर अंतर राखा. साप खोलीत असेल तर सगळे बाहेर या, दार लावा, फट बंद करा आणि कर्मचाऱ्यांना बोलवा.

काठी उचलू नका, सेल्फी तर नकोच. विषारी की बिनविषारी हे ठरवत बसू नका. निरुपद्रवी कवड्या आणि जहाल मण्यार यांच्यात भलेभले फसतात. मेलेल्या सापालाही हात लावू नका, धडावेगळं झालेलं डोकंसुद्धा काही काळ चावू शकतं.

चावलाच तर

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५४ लाख सर्पदंश होतात आणि त्यांतल्या १८ ते २७ लाखांत विषबाधा होते. म्हणजे प्रत्येक दंशात विष भिनतंच असं नाही. पण ते घरी बसून कळत नाही, त्यामुळे प्रत्येक दंशाला हॉस्पिटल.

अंगठी, घड्याळ, पैंजण, बूट लगेच काढा, सूज चढली की निघत नाहीत. चावलेला हात किंवा पाय मोडलेल्या हाडासारखा फळीला बांधून स्थिर ठेवा. माणसाला चालवू नका, उचलून गाडीत घ्या. उलटी होत असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर कुशीवर निजवा. चावल्याची वेळ लिहून ठेवा.

घट्ट दोरी बांधणं, चिरा देणं, तोंडाने विष ओढणं, बर्फ लावणं, दारू पाजणं यांतलं काहीही करू नका. ऑस्ट्रेलियात अख्ख्या हातापायाला रुंद पट्टी दाबून गुंडाळायला शिकवतात. तिथल्या सापांचं विष मुख्यतः मज्जासंस्थेवर जातं, म्हणून ते तिथे ठीक. घोणसवर्गीय सापाच्या दंशात जागेवरचं मांस सडण्याचा धोका असतो आणि तशा दाबाने तो वाढू शकतो. साप पकडून न्यायची गरज नाही, लांबून फोटो सहज मिळाला तर पुरे. प्रतिविष हॉस्पिटलमध्येच द्यायचं असतं, कारण त्याची तीव्र ॲलर्जी येऊ शकते. लक्षणं नसली तरी डॉक्टर साधारण २४ तास देखरेखीखाली ठेवतात, तेव्हा सुट्टी वाया जाते म्हणून घाई करू नका.

आफ्रिका आणि आशियाच्या काही भागांत विष थुंकणारे नागही आहेत. डोळ्यात गेलं तर न चोळता भरपूर पाण्याने निदान पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टरांना दाखवा.

रिसॉर्टला आम्ही आधीच तीन गोष्टी विचारतो: प्रतिविष आणि व्हेंटिलेटर असलेलं जवळचं हॉस्पिटल कोणतं, रात्री तिथे पोहोचायला किती वेळ लागतो, आणि रात्री आवारात गाडी व चालक असतात का. उत्तरं तुमच्या व्हाउचरच्या मागे छापलेली मिळतील. तिथे उतरल्यावर रिसेप्शनवर एकदा पडताळून घ्या, मुक्कामाच्या दिवसांत चालक सुट्टीवर असू शकतो.