साठ स्टेडियनवरचं गाव कुठं गेलं?

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात (24:13) येशूचे दोन शिष्य यरुशलेमहून अम्माऊसला पायी निघतात. अंतर दिलंय साठ स्टेडियन. एवढा नेमका आकडा हाताशी असूनही ते गाव नक्की कुठलं, यावर अजून एकमत नाही.

स्टेडियन हे जुनं ग्रीक माप, म्हणजे सहाशे फूट. पण कुणाचा फूट? ग्रीसमधल्या ऑलिंपियाची धावपट्टी 192.27 मीटर भरते, डेल्फीची साधारण 177.5. दोन्ही सहाशे फुटांच्याच. फूट मात्र गावोगावी निराळा. रोमन अमलात आठ स्टेडियनचा एक मैल धरत. हा मैल सुमारे 1,480 मीटरचा, म्हणून एक स्टेडियन 185 मीटरचा. हे माप बायबललाच लावून बघता येतं. योहानाच्या शुभवर्तमानात म्हटलंय, बेथानी गाव यरुशलेमपासून सुमारे पंधरा स्टेडियनवर आहे (11:18). हिशेबाने पावणेतीन किलोमीटर झाले, आणि बेथानी मानलं जाणारं आजचं अल-एझारिया साधारण तेवढ्याच अंतरावर आहे.

मग साठ स्टेडियन म्हणजे अकरा किलोमीटर. घोळ इथूनच सुरू होतो. चौथ्या शतकातल्या सिनाई हस्तलिखितात, म्हणजे बायबलच्या एका जुन्या ग्रीक प्रतीत, साठऐवजी एकशे साठ आहे, म्हणजे जवळजवळ तीस किलोमीटर. चर्चचा इतिहास लिहिणाऱ्या युसेबियसने अम्माऊस म्हणून सांगितलेलं निकोपोलिस साधारण तितक्याच अंतरावर होतं. पण शिष्य त्याच रात्री यरुशलेमला परतले, असं लूकच सांगतो. एका दिवसात साठ किलोमीटर, तेही डोंगराळ वाटेने? अशक्य नाही, पण पटायला जड. बहुतेक जुन्या प्रतींत साठच आहे. निकोपोलिसशी मेळ बसावा म्हणून कुणा नकलनविसाने शंभर वाढवले असावेत, हा तर्क मला जास्त पटतो.

इतिहासकार जोसेफसने आणखी एक अम्माऊस नोंदवलंय. यरुशलेमपासून तीस स्टेडियनवरच्या या गावी सम्राट वेस्पासियनने आठशे निवृत्त सैनिक वसवले होते. काही अभ्यासक म्हणतात, लूकचे साठ म्हणजे इथवरचं जाणं-येणं धरून. हिशेब सुरेख जुळतो. फक्त लूकच्या वाक्यात परतीचं अंतर धरल्याची खूण कुठेच नाही. अकरा किलोमीटरवर बसणारं अल-कुबैबा हे गावही आहे, पण त्याला अम्माऊस मानण्याची परंपरा क्रुसेडच्या (मध्ययुगीन धर्मयुद्धांच्या) काळाआधी सापडत नाही.