लांब पल्ल्याचे धावणे आणि ताओ विचार

मॅरेथॉन (४२.१९५ किमी) किंवा तिच्याहून मोठ्या शर्यतींकडे प्राचीन चिनी ताओ तत्त्वज्ञानाच्या आधारे पाहण्याची दृष्टी. ताओ परंपरेत धावण्याचा असा काही जुना विधी नाही. आधुनिक धावपटूंनी त्या विचाराचा करून घेतलेला हा उपयोग आहे. गाभा 'वू-वेई'चा : स्वाभाविक ओघाविरुद्ध जोर न लावता केलेली कृती.

प्राचीन चिनी विचारवंत लाओत्सेच्या नावावर असलेल्या 'ताओ ते चिंग' या ताओ ग्रंथाचे २४ वे प्रकरण धावपटूसाठीच लिहिले असावे असे वाटते. चवड्यांवर उभा राहणारा स्थिर राहत नाही, ढांगा टाकणारा दूर जात नाही, असे ते सांगते. धावण्याच्या तंत्रातही हेच दिसते. पाऊल फार लांब टाकले की ते शरीराच्या बरेच पुढे पडते, दर पावलाला गती थोडी अडते आणि गुडघ्यावर ताण येतो. म्हणून पावले आखूड आणि भरभर, खांदे सैल, मुठी न आवळलेल्या.

वेग राखण्यात हा विचार सर्वांत कामी येतो. सुरुवातीला पाय ताजे असतात आणि गर्दीबरोबर वेग नकळत वाढतो. स्नायूंतील ग्लायकोजेन (ऊर्जेसाठी साठवलेली साखर) मग लवकर संपत येते आणि साधारण ३० किमीनंतर पाय जड होतात. धावपटू याला 'वॉल' म्हणतात. केनियाचा धावपटू केल्विन किप्टमने २०२३ मध्ये शिकागो मॅरेथॉनमध्ये २:००:३५ असा विश्वविक्रम केला, तेव्हा पहिला अर्धा टप्पा ६०:४८ मिनिटांत आणि दुसरा ५९:४७ मिनिटांत पार केला होता. त्यामागे ताओ विचार होता असे नव्हे, पण हात राखून धावण्याचे फळ यात स्पष्ट दिसते.

'च्वांगत्सू' या दुसऱ्या ताओ ग्रंथातील खाटीक १९ वर्षे एकच सुरी वापरतो, तरी तिची धार नव्यासारखी राहते. सुरी तो सांध्यांमधल्या मोकळ्या जागेतून फिरवतो आणि अवघड गाठ आली की हात मंद करतो. चढावर जाणता धावपटू असाच वागतो : घड्याळातल्या वेगाचा हट्ट सोडून श्वास एकसारखा ठेवतो. ही सहजता वर्षानुवर्षांच्या कामातून आलेली असते, त्यामुळे वू-वेई म्हणजे सरावाला सुट्टी असा अर्थ काढणे साफ चूक आहे.

खरी अडचण स्पर्धेची आहे. 'ताओ ते चिंग' पाण्याला श्रेष्ठ मानते, कारण ते कुणाशी झगडत नाही. शेवटच्या दोन किलोमीटरांत पुढच्याला गाठू पाहणारा धावपटू मात्र झगडतच असतो, आणि तिथे हा विचार त्याला फारशी मदत करत नाही.