३९ वरून २३ : कुपोषणाच्या एका आलेखाची पार्श्वभूमी

पोषण कार्यक्रमाचे निष्कर्ष आता इन्फोग्राफिकमधून मांडले जातात, पण रंगांची सवय अंगणवाडीला पूर्वीपासून आहे. ग्रोथ चार्टवर आडवे वय, उभे वजन. सेविकेने टाकलेला ठिपका कोणत्या पट्ट्यात पडला त्यावरून बाळाची श्रेणी आईलाही दिसे. बीटपासून (एका पर्यवेक्षिकेकडच्या अंगणवाड्यांचा गट) जिल्ह्यापर्यंत चढत जाणारे मासिक अहवाल म्हणजे या श्रेणींचीच बेरीज. मेळघाटातले बालमृत्यू १९९३ मध्ये गाजले आणि श्रेणी ३ व ४ चे, म्हणजे तीव्र कुपोषणाचे, आकडे अंगणवाडीबाहेरही विचारले जाऊ लागले.

२००६ मध्ये वाढीचे नवे जागतिक निकष आले आणि २००८ मध्ये देशाने ते स्वीकारले. जुन्या पद्धतीत अपेक्षित वजनाच्या ६० टक्क्यांखाली गेलेले मूल तीव्र कुपोषित ठरे. नव्या तक्त्यात ही रेषा बरीच वर सरकली. चार श्रेणींच्या जागी हिरवा, पिवळा आणि तीव्र कमी वजनाचा केशरी असे तीन पट्टे आले. वजन तेच असूनही काही मुले एका महिन्यात केशरी पट्ट्यात गेली. त्यामुळे या बदलाच्या आधीची आणि नंतरची वर्षे एकाच सलग रेघेने जोडणारा आलेख चुकीचाच असतो.

मोठा वाद मात्र पुढचा आहे. राज्यात २००५ मध्ये पोषण मिशन सुरू झाले. त्याच्या दुसऱ्या टप्प्यात गर्भधारणेपासून बाळाच्या दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या पहिल्या हजार दिवसांवर भर होता. कामाचा परिणाम तपासण्यासाठी २०१२ मध्ये राज्यापुरते स्वतंत्र सर्वेक्षण झाले आणि त्याचा निष्कर्ष दोन स्तंभांत मावला : दोन वर्षांखालील मुलांमधला खुजेपणा, म्हणजे वयाच्या मानाने कमी उंची, २००५-०६ मध्ये ३९ टक्के होता, तो २३ टक्क्यांच्या आसपास आला. हे यश खरे होते आणि मोठे होते. देशोदेशीच्या सादरीकरणांत महाराष्ट्राचे नाव झाले ते या दोन स्तंभांमुळे.

वयोगट निवडण्यामागे कारण होते. हजार दिवसांचे काम त्याच वयात मोजायला हवे. अडचण पुढे झाली. स्तंभ फिरत राहिले आणि ‘दोन वर्षांखालील’ ही बारीक अक्षरांतली ओळ वाटेत गळाली. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्याचा खुजेपणा ३४.४ टक्के निघाला, तेव्हा २३ वरून ३४ म्हणजे सगळे पाण्यात गेले, असा ओरडा झाला. हा आकडा पाच वर्षांखालील मुलांचा होता. त्याच वयोगटात २००५-०६ चा आकडा ४६.३ होता, म्हणजे घट इथेही जवळपास १२ अंशांची होती. ज्या सेविकांनी हे काम उन्हातान्हात केले, त्यांच्यावर या तुलनेने अन्याय केला, असे माझे स्पष्ट मत आहे.

पण दोन स्तंभांनी एक गोष्ट झाकलीही. याच १० वर्षांत पाच वर्षांखालील मुलांमधला लुकडेपणा, म्हणजे उंचीच्या मानाने कमी वजन, १६.५ वरून २५.६ टक्क्यांवर गेला. कमी वजनाची मुले ३७ टक्के होती, ती ३६ झाली. खुजेपणा घेतला तर चित्र हिरवे, लुकडेपणा घेतला तर लाल, आणि वयानुसार वजन घेतले तर बाण जागचा हलत नाही. तिन्ही निर्देशांक शेजारी ठेवले असते तर पोस्टर किचकट झाले असते, तरी ते तसेच छापायला हवे होते.

२०१८ पासून आकांक्षित जिल्ह्यांचे, म्हणजे केंद्राने विकासासाठी निवडलेल्या मागास जिल्ह्यांचे, डॅशबोर्ड आले. राज्यातून नंदुरबार, वाशिम, गडचिरोली आणि तेव्हाचे उस्मानाबाद त्यात होते. क्रमवारी मागच्या महिन्यापेक्षा किती सुधारणा झाली यावर ठरू लागली. २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर हे अंगणवाड्यांचे अ‍ॅप आले आणि सेविकेने मोबाइलवर भरलेली वजन-उंची थेट आलेखात दिसू लागली. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात देशातला लुकडेपणा १९.३ टक्के, तर ट्रॅकरवर २०२४ मध्ये तो ६ टक्क्यांच्या आसपास. सर्वेक्षणात बाहेरचे पथक निवडक घरांतली मुले मोजते. ट्रॅकरमध्ये अंगणवाडीत नोंदलेली आणि त्या महिन्यात मोजलेली मुलेच येतात. हे दोन आकडे एका बाणाने जोडून ‘घट’ दाखवता येत नाही.

राज्याचा ताजा म्हणून अजूनही दिला जाणारा ३५.२ टक्के खुजेपणाही याच २०१९-२१ च्या सर्वेक्षणातला. महाराष्ट्रातले मोजमाप मात्र २०१९ च्या जून ते डिसेंबरमध्येच आटोपले होते, त्यामुळे टाळेबंदीचा परिणाम म्हणून तो वापरणारी चित्रे त्यातून नसलेली गोष्ट काढतात.