टेपमधली राळ काय करते?

उत्तरायणाला बडोद्यात सकाळपासून गच्च्या भरतात. मांज्याने बोटं कापू नयेत म्हणून बोटांना पट्ट्या गुंडाळायच्या, फाटलेला पतंग टेपने सांधायचा, हे ठरलेलंच. दांडिया बाजारातल्या आमच्या गच्चीवर दर वर्षी एक गोष्ट हमखास दिसते. सकाळच्या गारठ्यात टेप पतंगावर नीट धरत नाही, आणि ऊन वर आलं की तीच टेप घट्ट बसते. टेप खराब नसते. तिच्यातल्या राळेचा तो गुण आहे.

रबरी टेपच्या चिकट थरात मुख्यतः दोन पदार्थ असतात: लांबलचक साखळ्यांचं रबर आणि लहान रेणूंची राळ. रबर एकटं फारसं चिकटत नाही. राळ एकटी तर ठिसूळ, बोटांत चुरा होणारी. पुष्कळदा दोन्ही जवळजवळ सारख्या प्रमाणात मिसळतात आणि मग नुसत्या दाबाने चिकटणारा थर तयार होतो. ही जोडी जुनी आहे. अमेरिकेत 1845 साली शेकट आणि डे यांनी पेटंट घेतलेल्या औषधी पट्टीतही रबराबरोबर पाइनच्या झाडाचा चीक होता.

चिकटायचं तर थर मऊ हवा. टेपवर बोट फिरवलं की क्षणभरात तो पृष्ठभागाच्या खाचाखोचांत उतरला पाहिजे. 3एम कंपनीतले कार्ल डालक्विस्ट यांनी याची मर्यादा दाखवून दिली: थराचा ताठपणा साधारण 3 लाख पास्कलच्या (पास्कल हे ताठपणा मोजायचं एकक) वर गेला, की तो चिकटत नाही. रबराच्या साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. राळेचे रेणू त्यांच्यामध्ये शिरले की गुंता विरळ होतो, थर नमतो.

पण एवढंच हवं असतं, तर तेल घालूनही भागलं असतं. तेलानेही रबर मऊ होतं, मात्र अशी टेप ओढताच सुटते. राळेचं खरं काम इथे आहे. नैसर्गिक रबर उणे 70 अंश सेल्सिअसच्या आसपास काचेसारखं कडक होतं. राळ नेहमीच्या तापमानालाच तशी असते. त्यामुळे मिश्रणाचं कडक होण्याचं तापमान बरंच वर सरकतं. मग सावकाश दाबलं तर नमणारा हा थर झटक्याने ओढला की अडून बसतो. एकाच पदार्थाने रबर मऊही व्हावं आणि चिवटही, हे मला फार विलक्षण वाटतं. काचेवर लावलेली टेप हळूहळू सोला आणि सुटणारी कड उजेडात बघा. भिंग असेल तर उत्तमच. पांढुरके, बारीक धागे ताणले जाताना दिसतील. आपला बहुतेक जोर ते ताणण्यातच खर्ची पडतो.

राळ वाढवत नेली, तर मात्र गणित बिघडतं. थर ताठ होतो, टेप टर्रटर्र आवाज करत अडखळत सुटते आणि थंडीत चिकटायलाच तयार होत नाही. बडोद्याच्या मे महिन्यात, पारा 42 अंशांवर गेला की, उलटी अडचण: विरळ गुंत्याचा थर वजनाखाली सरकू लागतो. ते तपासायला पोलादी पट्टीवर एक इंच लांब-रुंद टेप चिकटवून तिला 1 किलोचं वजन टांगतात आणि ते किती वेळाने पडतं ते मोजतात.

राळ येते चीडसारख्या झाडांपासून, तशीच खनिज तेलापासूनही. नाफ्ता म्हणजे खनिज तेलाचा हलका भाग; त्याच्या भंजनातून, म्हणजे रेणू तोडताना, निघणाऱ्या पाच कार्बनच्या रेणूंपासून ती बनवतात. झाडाच्या राळेतलं आम्ल हवेतल्या ऑक्सिजनने पिवळं पडतं, म्हणून ग्लिसरिनशी संयोग घडवून किंवा हायड्रोजन देऊन तिला टिकाऊ करतात. जुन्या टेपा अशा नव्हत्या. त्यांचा थर आधी पातळ होऊन कागदात मुरतो, मग वाळून पापुद्र्यासारखा सुटतो आणि तपकिरी डाग मागे राहतो. घरात संस्थानकाळातले दस्तऐवज किंवा फोटो असतील, तर त्यांना कृपा करून टेप लावू नका. जुने कागद जतन करणारे लोक त्यासाठी गव्हाच्या सत्त्वाची खळ आणि पातळ जपानी कागद वापरतात.