भाऊबंदकी, अर्धुकं आणि देवगिरी

‘भाऊबंदकी आपल्या रक्तातच आहे’ हे वाक्य दर निवडणुकीत ऐकू येतं. वारसा रक्तातून उतरत नाही हो! रक्तातल्या तांबड्या पेशींत तर केंद्रकच नसतं. तुर्कांच्या ऑटोमन सुलतानांनाही राजरक्ताचं भारी कौतुक. ते सांडू नये म्हणून भावांचा गळा दोरीनं आवळायचे. १५९५ मध्ये तिसऱ्या मेहमेदनं गादीवर येताच १९ भाऊ असेच संपवले.

वारसा असतो गुणसूत्रांत. आईकडे २३ जोड्या. प्रत्येक जोडीतलं एकच बीजांडात उतरतं. पण गंमत त्याआधीची आहे. जोडीतली दोन गुणसूत्रं एकमेकांना बिलगतात, मध्येच तुटतात आणि तुकड्यांची अदलाबदल करून पुन्हा सांधली जातात. म्हणजे बीजांडात जातं ते आजीचंही नाही, आजोबांचंही नाही, तर दोघांच्या चिंध्यांची गोधडी. प्रत्येक बीजांडात गोधडी निराळी, शुक्राणूतही तसंच. म्हणून सख्ख्या भावंडांत अर्धा वारसा सामायिक असतो तो सरासरीनं. प्रत्यक्ष मोजला तेव्हा तो साधारण ३७ ते ६२ टक्क्यांच्या दरम्यान भरला. सावत्र भावाशी सरासरी १/४, चुलतभावाशी १/८.

१९६४ मध्ये हॅमिल्टन या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञानं यावरून नियम मांडला: नात्याचा अपूर्णांक गुणिले समोरच्याचा फायदा, हे माझ्या तोट्याहून जास्त भरलं तर त्याग निसर्गात टिकतो. फायदा-तोटा मोजायचा संततीत. सख्ख्या भावासाठी गादी सोडायची, तर त्याचा फायदा माझ्या तोट्याच्या दुपटीहून जास्त हवा. सावत्रासाठी चौपटीहून, चुलत्याच्या मुलासाठी आठपटीहून. मेहमेदचे भाऊ बहुतेक सावत्रच होते, आणि सिंहासन काही शेतासारखं वाटून घेता येत नाही.

अर्थात कुठलाही राजा त्रैराशिक मांडून गळे आवळत नव्हता. ‘सगळं जनुकांतच लिहिलंय’ म्हणणारे आणि पत्रिका पाहणारे मला एकाच पंगतीत बसलेले दिसतात. नियम फक्त कल सांगतो.

आता देवगिरी पाहा. यादव राजा कृष्णानं धाकट्या भावाला, महादेवाला, युवराज केलं. दोघांचं जमलं. १२६१ च्या सुमारास कृष्ण गेला तेव्हा त्याचा मुलगा रामचंद्र लहान होता, म्हणून महादेव गादीवर आला. पण महादेवामागं गादी गेली ती त्याच्या मुलाकडे, अम्मणाकडे. महादेवाच्या बाजूनं मुलगा १/२, पुतण्या १/४. रामचंद्राच्या बाजूनं अम्मण उरला १/८. १२७१ मध्ये रामचंद्राची माणसं नाचगाणं करणाऱ्यांच्या वेषात किल्ल्यात शिरली, अम्मणाला धरलं आणि त्याचे डोळे काढले, अशी हकीकत सांगतात.

महादेवाचा श्रीकरणाधिप, म्हणजे दफ्तराचा प्रमुख, हेमाद्री पंडित मात्र रामचंद्राकडेही कामावर राहिला. त्याचा अपूर्णांक दोन्हीकडे शून्य.