‘नोंदीस पात्र’: एका शब्दातून उभा राहिलेला व्यवसाय

अमेरिकेत सरकारी पैशातून एखादा रस्ता रुंद करायचं ठरलं, की खोदकामाचं यंत्र यायच्या कितीतरी आधी कोणीतरी कॅमेरा आणि नकाशा घेऊन त्या रस्त्याने फिरून जातं. बंद पडलेल्या पेट्रोल पंपाचे चारही बाजूंनी फोटो काढले जातात. शेजारच्या घराच्या खिडक्या मूळच्या लाकडी आहेत की नंतर ॲल्युमिनियमच्या बसवल्या, मागची खोली कधी जोडली असावी, छपराचा उतार बदललाय का, हे सगळं टिपून घेतलं जातं. संध्याकाळी हीच व्यक्ती आगीच्या विम्यासाठी काढलेले जुने नकाशे आणि जमिनीची खरेदीखतं चाळत बसते. पदाचं नाव आर्किटेक्चरल हिस्टोरियन, म्हणजे वास्तू-इतिहासकार. विद्यापीठाशी बहुतेकदा काही संबंध नसतो. नोकरी सल्लागार कंपनीत असते आणि हाती द्यायचा असतो तो मुदतीत पूर्ण केलेला अहवाल.

इतिहासाच्या अभ्यासाला असा पगारी, रोजच्या कामाचा रस्ता कसा फुटला? उत्तर कायद्यात आहे. पण कायद्यापाशी पोचायला शंभरेक वर्षं लागली आणि त्या वर्षांत जुनी इमारत वाचवण्यामागचं कारणच बदलत गेलं.

सुरुवातीला इमारत वाचायची ती तिच्यात राहून गेलेल्या माणसाच्या पुण्याईवर. जॉर्ज वॉशिंग्टन यांचं माउंट व्हर्नन पडायला आलं होतं. ॲन पामेला कनिंगहॅम यांनी १८५३ मध्ये महिलांची संघटना उभी केली, वर्गणी गोळा केली आणि १८५८ मध्ये दोन लाख डॉलरना ते घर विकत घेण्याचा करार केला. सरकारने हात वर केल्यावर स्त्रियांनी ते वाचवलं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. मात्र तिने एक पायंडाही पाडला: जतन म्हणजे महापुरुषांची घरं, आणि ती करायची हौसेने, देशभक्तीने. १९२६ पासून रॉकफेलर यांच्या पैशाने व्हर्जिनियातलं विल्यम्सबर्ग शहर पुन्हा अठराव्या शतकात नेण्यात आलं, तेव्हा त्या काळात न बसणाऱ्या शेकडो नंतरच्या इमारती पाडून टाकल्या गेल्या. एका काळावरच्या प्रेमापोटी त्यापुढचे सगळे काळ पुसले गेले. संशोधन मात्र तिथे गंभीर झालं, हेही मान्य करायला हवं.

नजर खरी बदलली ती महामंदीत. नोव्हेंबर १९३३ मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवेतले तरुण वास्तुरचनाकार चार्ल्स पीटरसन यांनी वरिष्ठांना एक टिपण पाठवलं. देशभर वास्तुरचनाकार बेकार बसले आहेत आणि जुन्या इमारती रोज नाहीशा होत आहेत, तर हजारभर जणांना दहा आठवडे कामाला लावून त्या इमारतींची मापं घेऊ या, असा साधा प्रस्ताव होता. काही आठवड्यांत मंजुरी मिळाली आणि ‘हिस्टॉरिक अमेरिकन बिल्डिंग्ज सर्व्हे’ सुरू झाला. त्याला आजही सगळे ‘हॅब्स’ म्हणतात. विशेष हे, की यादीत नुसते वाडे आणि चर्चेस नव्हती. धान्याची कोठारं, गिरण्या, पूल, जकातनाके, तुरुंग, सगळ्याची नोंद करायची होती. बेकारांना काम देण्यासाठी निघालेल्या या योजनेतून आजच्या व्यवसायाची मूळ रीत पडली: आधी मोजा, रेखाटा, फोटो काढा, मग मत द्या. ती रेखाटनं काँग्रेसच्या ग्रंथालयात आहेत आणि आजही रोज वापरात आहेत.

१९४० मध्ये वास्तू-इतिहासकारांची संघटना स्थापन झाली. ती मुख्यतः प्राध्यापकांची होती. १९४९ मध्ये जतनासाठी राष्ट्रीय न्यास झाला. पण त्याच वर्षीच्या गृहनिर्माण कायद्याने शहरांना जुन्या वस्त्या साफ करायला केंद्राचा पैसा दिला आणि १९५६ च्या कायद्याने ४१,००० मैलांच्या महामार्गांचं जाळं आखलं. हे रस्ते शहरांच्या पोटातून गेले आणि बऱ्याचदा जिथे विरोध करायची ताकद कमी तिथूनच गेले. मिनेसोटातल्या सेंट पॉल शहरातली रोंडो ही कृष्णवर्णीयांची भरलेली वस्ती अशीच महामार्गाखाली गेली. इतिहास लिहिताना नाव येतं ते न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनचं, कारण १९६३ मध्ये त्याचे भव्य खांब पडू लागले तेव्हा फोटो देशभर छापून आले. ते दुःख खरंच होतं आणि त्यातून न्यूयॉर्कला १९६५ मध्ये स्वतःचा वारसा कायदा मिळाला. पण पेन स्टेशन एक होतं, रोंडोसारख्या वस्त्या अनेक होत्या, आणि त्या पाडायला केंद्र सरकारचा पैसा लागला होता. राष्ट्रीय कायद्याचं बोट नेमकं त्या पैशावर आहे.

१९६६ मध्ये शहरांच्या महापौरांच्या पुढाकाराने निघालेल्या अहवालात एक आकडा होता: हॅब्सने नोंदवलेल्या सुमारे १२,००० इमारतींपैकी जवळजवळ निम्म्या तोवर गेलेल्या होत्या. १५ ऑक्टोबर १९६६ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी राष्ट्रीय ऐतिहासिक जतन कायद्यावर सही केली. ऐतिहासिक वास्तूंची राष्ट्रीय नोंदवही आली, राज्यांच्या पातळीवर जतन अधिकारी आले, केंद्रात सल्लागार परिषद आली आणि आलं कलम १०६.

या कलमाबद्दल इतका गैरसमज आहे, की इथे थोडं थांबायला हवं. कलम १०६ कोणतीही इमारत पाडायला बंदी करत नाही. केंद्राचा पैसा, परवाना किंवा मंजुरी असलेल्या कामाचा ऐतिहासिक वास्तूंवर काय परिणाम होईल, याचा संबंधित खात्याने आधी विचार करावा आणि परिषदेला मत मांडायची संधी द्यावी, एवढंच ते म्हणतं. विचार करून, सल्लामसलत करूनही वास्तू पाडता येते. हे ऐकून पुष्कळांचा हिरमोड होतो. पण ‘आधी विचार करा’ याला कायद्याचं बळ मिळालं, की तो विचार केल्याचा पुरावा लागतो. पुरावा कोणीतरी तयार करावा लागतो.

तरीही १९६६ मध्ये हा व्यवसाय जन्मला नाही, कारण कलमाला एक मोठं भोक होतं. ते लागू होतं फक्त नोंदवहीत आधीच असलेल्या वास्तूंना. नोंदवही नवी होती आणि तिच्यात होती ती बहुतांशी नावाजलेली ठिकाणं. खात्याने यादी उघडायची, आपल्या रस्त्यावर त्यातलं काही नाही हे बघायचं आणि पुढे जायचं. १९७१ मध्ये अध्यक्ष निक्सन यांच्या आदेशाने थोडी दुरुस्ती झाली. खरा बदल १९७६ चा. त्या वर्षीच्या दुरुस्तीने नोंदवहीत ‘असलेल्या’ वास्तूंच्या जोडीला नोंदीस ‘पात्र’ असलेल्या वास्तूही कलमाखाली आणल्या.

त्या एका शब्दाने सगळं उलटं झालं. नोंदलेलं काय ते यादीत दिसतं. पात्र काय ते यादीत दिसत नाही, ते जागेवर जाऊन शोधावं लागतं. म्हणजे प्रकल्पाच्या टप्प्यात येणारी प्रत्येक जुनी इमारत कोणीतरी पाहायला हवी, तिचा इतिहास काढायला हवा आणि ती निकषांत बसते की नाही ते लिहून द्यायला हवं. महत्त्वाची घटना, महत्त्वाची व्यक्ती, रचनेचं वैशिष्ट्य, माहिती देण्याची क्षमता हे चार निकष. साधारणपणे पन्नास वर्षं वय. शिवाय मूळपण किती टिकलं ते सात अंगांनी तपासायचं: जागा, रचना, परिसर, साहित्य, कारागिरी, भाव आणि नातं. हे काम खात्यांतल्या अभियंत्यांना जमणारं नव्हतं आणि प्राध्यापकांना तेवढा वेळ नव्हता.

कंपन्या मात्र तयार होऊ लागल्या होत्या, आणि त्या पुरातत्त्वज्ञांच्या होत्या. धरणांच्या पाण्याखाली जाणाऱ्या स्थळांसाठी १९६० चा कायदा होता. १९७४ मध्ये प्रकल्पखर्चाच्या एक टक्क्यापर्यंत रक्कम पुरातत्त्वीय माहिती वाचवायला वापरण्याची मुभा मिळाली. १९७० च्या आरंभी अमलात आलेल्या पर्यावरण कायद्याने अहवालांची मागणी वाढवली. वास्तू-इतिहासकार या कंपन्यांत मागाहून आले. जमिनीखालचं पुरातत्त्वज्ञांचं, जमिनीवरचं यांचं, ही वाटणी अजून चालू आहे. ‘अबव्ह ग्राउंड’ हा शब्द या क्षेत्रात त्या अर्थानेच रुळलाय. १९८३ मध्ये गृहखात्याने, म्हणजे अमेरिकेत जमीन आणि उद्यानं सांभाळणाऱ्या खात्याने, पात्रतेच्या अटी छापल्या: विषयातली पदव्युत्तर पदवी, किंवा पदवी आणि तिच्या जोडीला दोन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव किंवा संशोधनातली भरीव कामगिरी. त्या दिवसापासून वास्तू-इतिहासकार हे नुसतं अभ्यासकाचं वर्णन उरलं नाही, सरकारी कागदावर सही चालणारं पद झालं.

दुसरा प्रवाह करसवलतीचा. १९७६ पासून जुन्या इमारतींना करात सवलती मिळू लागल्या, १९८१ मध्ये दुरुस्तीखर्चाच्या २५ टक्के सूट आली आणि १९८६ मध्ये ती २० टक्क्यांवर आणली गेली. रिकाम्या गिरण्या आणि गोदामं घरांत बदलणाऱ्या विकासकांना त्यासाठी इमारतीचं महत्त्व सिद्ध करून द्यावं लागतं. इथे इतिहासकार मालकाच्या बाजूने उभा असतो आणि इमारत वाचावी अशीच सगळ्यांची इच्छा असते. कलम १०६ च्या कामात तसं नसतं. तिथे पैसे देणाऱ्याला बहुधा ‘पात्र नाही’ हेच उत्तर सोयीचं पडतं. राज्याच्या जतन कार्यालयात तीस दिवसांत तपासणी होते, हा एक आधार. बाकी सगळं अभ्यासकाच्या सचोटीवर. एखादं घर दोन परिच्छेदांत निकालात काढणं किती सोपं असतं, हे या कामातले सगळे जाणतात, आणि म्हणूनच ते दोन परिच्छेद प्रामाणिकपणे लिहिणाऱ्यांबद्दल मला आदर आहे.

निकषांतली एक अडचण फार खोल आहे. मूळपण मोजताना साहित्य आणि कारागिरीला वजन मिळतं. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांची घरं मूळ रूपात टिकली. ज्यांनी पडेल तशी डागडुजी केली, खोल्या वाढवल्या, स्वस्त पत्रे लावले, त्यांची घरं ‘मूळपण गमावलेली’ ठरली. कृष्णवर्णीय, स्थलांतरित आणि कामगार वस्त्यांचा इतिहास असा निकषाच्या चाळणीतून गळत राहिला. १९९० मध्ये समाजाच्या चालू परंपरेशी जोडलेल्या स्थळांबद्दल मार्गदर्शन निघालं, १९९२ च्या दुरुस्तीने मूलनिवासी जमातींना सल्लामसलतीत पक्कं स्थान मिळालं. तरी साध्या घराच्या बाबतीत हा झगडा अजून प्रत्येक अहवालात लढावा लागतो.

आणि पन्नास वर्षांची रेषा दरवर्षी पुढे सरकते. १९६६ मध्ये ती १९१६ वर होती. अपवाद म्हणून वॉशिंग्टनजवळचा डलेस विमानतळ १९७८ मध्येच, अवघ्या सोळाव्या वर्षी, पात्र ठरला. पण पुढे रांगेत उभी होती युद्धोत्तर काळातली एकसारखी हजारो घरं. २००२ मध्ये लष्कराच्या १९४९ ते १९६२ दरम्यान बांधलेल्या कुटुंबनिवासांचा निकाल एकत्रच लावावा लागला, कारण प्रत्येक घराचा स्वतंत्र विचार करणं अशक्य होतं.

मग पाळी आली महामार्गांची. ज्यांनी वस्त्या फोडल्या, ज्यांच्यामुळे कायदा करावा लागला, तेच रस्ते २००६ मध्ये पन्नाशीत पोचणार होते. तसं झालं असतं तर डांबराचा थर बदलतानाही ऐतिहासिक परिणामांचा अहवाल लागला असता. म्हणून २००५ मध्ये सल्लागार परिषदेने बहुतेक सगळ्या जाळ्याला कलम १०६ मधून सूट दिली आणि विशेष महत्त्वाचे मोजके पूल, बोगदे व रस्त्यांचे तुकडे त्या सवलतीबाहेर ठेवले. ते मोजके कोणते, हे ठरवायला पुन्हा इतिहासाचाच अभ्यास लागला.